कोथरूड की वाकड? घर घेण्याआधी सुरक्षिततेची तुलना

नवरा-बायको दोघं हिंजवडीत नोकरीला, सासू-सासरे सांगलीहून कायमचे राहायला येणार, मुलगी सातवीत. बजेट एकच आणि समोर दोन घरं. एक कोथरूडमध्ये, तीस वर्षं जुन्या, बारा फ्लॅटच्या सोसायटीत. दुसरं वाकडमध्ये, सहाशे फ्लॅटच्या संकुलात अकराव्या मजल्यावर. पुण्यात घर शोधणाऱ्या कितीतरी कुटुंबांपुढे हा पेच असतो. भाव, पार्किंग, शाळा, पाणी सगळं बोलून झालं की गोष्ट "पण एरिया सेफ आहे ना?" या प्रश्नावर येऊन अडते.

त्याला उत्तरं ठरलेली मिळतात. कोथरूडकर म्हणतात, आमच्याकडे काही होत नाही. वाकडकर म्हणतात, गेटवर नोंद केल्याशिवाय आमच्याकडे कुणी आत येत नाही. दोन्ही अर्धी खरी आहेत. माझं मत आधीच सांगते. घराला दिवसभर कुलूप राहणार असेल तर वाकडचं मोठं संकुल बरं. घरात दिवसा वयस्कर माणसं आणि एकटी ये-जा करणारी मुलं असतील तर कोथरूड, पण गल्ली बघून. दोघं दुचाकीने हिंजवडीला जाणार असतील तर मात्र मला पुन्हा विचार करावा लागतो, आणि त्याचं कारण चोर किंवा गुंड नाहीत.

शहराचा आकडा गल्लीत उतरत नाही

पुणे सुरक्षित म्हणताना बहुतेक जण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या अहवालाचा दाखला देतात. २०२२ च्या अहवालात दर लाख लोकसंख्येमागे दखलपात्र गुन्ह्यांचा दर कोलकात्यात ८६.५, पुण्यात २८०.७ आणि हैदराबादमध्ये २९९.२ होता. वीस लाखांवर वस्ती असलेल्या १९ महानगरांत पुणे खालून दुसरं. ऐकायला छान वाटतं, पण घर घेणाऱ्याला याचा उपयोग जवळजवळ शून्य. हा दर शहराचा आहे. त्यात कोथरूड कुठे आणि वाकड कुठे, हे शोधायची सोय नाही.

शिवाय भागाकारातली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. मधल्या काळात वाकडमध्ये शेतांच्या जागी टॉवर आले. कोथरूड तोवर भरून गेलेलं होतं, तिथली वाढ त्या मानाने थोडी. म्हणजे वाकडचा "दर लाखी दर" काढायचा तर खाली कुठला आकडा घालायचा, हाच प्रश्न आहे. कुणी "वाकडचा क्राइम रेट इतका" असं ठामपणे सांगितलं, तर माणसं किती धरली हे आधी विचारा.

दुसरी अडचण पोलिसांच्या हद्दींची. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलीस आयुक्तालय सुरू झालं. कोथरूड पुणे शहर पोलिसांकडे, वाकड पिंपरी-चिंचवडकडे. दोन आयुक्तालयांचे वार्षिक आकडे वेगवेगळे मांडले जातात. खाली ठाण्यांच्या हद्दीही आपल्या मनातल्या नकाशाशी जुळत नाहीत. वाकड ठाण्याच्या आकड्यांत थेरगावसारखा दाट वस्तीचा भाग मिसळत आला आहे, तर आपण सहज कोथरूडमध्ये धरतो त्या कर्वेनगरचा भाग अलंकार आणि वारजे ठाण्यांकडे जातो. त्यात हद्दी बदलतात. २०२४ मध्ये पुण्यात बाणेर, खराडी, वाघोली, नांदेड सिटी, आंबेगाव, फुरसुंगी आणि काळेपडळ अशी सात नवी ठाणी झाली. जुन्या ठाण्याचे आकडे अशा वेळी एकदम खाली येतात, त्याचा अर्थ चोऱ्या थांबल्या असा होत नाही.

आणि जे मोजलं जातं तेही नीट बघावं लागतं. पीएमपीच्या गर्दीत मोबाइल मारला गेला, तरी पुष्कळदा नोंद "गहाळ" अशी होते. चोरीचा गुन्हा दाखलच होत नाही. एका घटनेत अनेक कलमं लागली तर एनसीआरबीच्या तक्त्यात त्यातलं सगळ्यात गंभीर तेवढं धरलं जातं. उलट, स्पावरचे छापे, गांजा, जुगार, बेकायदा दारू हे गुन्हे पोलीस स्वतःहून कारवाई करतात तेव्हा नोंदले जातात. एखाद्या ठाण्याने मोहीम उघडली की आकडा चढतो. सायबर फसवणुकीचं तर परिसराशी नातंच नाही. शेअर ट्रेडिंगच्या नावाने किंवा "डिजिटल अरेस्ट"ची भीती घालून लुबाडणारा कुठल्या राज्यात बसलाय कोण जाणे, पण तक्रारदार वाकडचा असला की गुन्हा वाकडच्या नावावर चढतो. आयटीतली पगारदार माणसं राहतात तिथे असे गुन्हे जास्त नोंदले जाणारच. ते बघून वाकडला नाव ठेवणं अन्यायाचं आहे. १९३० ही हेल्पलाइन मात्र दोन्हीकडच्या घरात फ्रिजवर लावलेली असावी.

कुलूपबंद घर

घरफोडीच्या बाबतीत मी वाकडच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत जिना रस्त्यापासून थेट दारापर्यंत मोकळा असतो. फाटक असतं, पण ते गाडी आत-बाहेर करायला. वॉचमन असलाच तर एक, तोही रात्रीचा. बारा घरांत दोन पाळ्यांचा पगार वाटून घ्यायचा म्हटलं की मेंटेनन्स दुप्पट होतो, म्हणून सर्वसाधारण सभेत विषय येतो आणि पुढच्या वर्षावर जातो. चोर दिवसाढवळ्या येतो, कुरिअरवाल्यासारखा जिना चढतो, शेजारच्या दारांना बाहेरून कड्या लावतो आणि बंद घराचा कडी-कोयंडा उचकटतो. शेजारी आवाज ऐकूनही बाहेर येऊ शकत नाहीत. वर्षानुवर्षं हीच पद्धत चालत आली आहे.

सहाशे फ्लॅटच्या संकुलात हे अवघड जातं. गेटवर रखवालदार, लॉबीत कॅमेरा, लिफ्टमध्ये कॅमेरा. बाहेरून आलेला अनोळखी माणूस अकराव्या मजल्यावर जाऊन सब्बल चालवेल, याची शक्यता कमी.

पण गेटची सुरक्षा किती खोल असते हे बघायचं असेल तर संध्याकाळी साडेसातला अशा संकुलाच्या फाटकाशी अर्धा तास उभं राहा. जेवणाचे डबे, किराणा, पार्सलं घेऊन पोरं ओळीने येतात. रखवालदार मोबाइलवर परवानगीची वाट बघतो, मागून गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, तो दोन-तीन जणांना हातानेच आत सोडतो. पाहुण्यांच्या वहीत नाव लिहिलेलं असतं, फ्लॅट नंबर असतो, मोबाइल नंबरात नऊच आकडे. ती वही नंतर कुणी वाचत नाही. एवढ्याशा पगारावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या त्या माणसाला मी दोष देत नाही. सोसायटीने त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवाव्यात याचाही विचार व्हायला हवा.

त्यामुळे मोठ्या संकुलातल्या चोऱ्या वेगळ्या असतात. तीन-चार मुलं मिळून भाड्याने राहतात, सकाळी एक जण दूध घ्यायला खाली जातो, दार नुसतं लोटलेलं. तेवढ्यात दोन लॅपटॉप आणि चार्जिंगला लावलेले मोबाइल जातात. आत येणारा कुणी कुलूप तोडत नाही, कारण गेट आहे या विश्वासावर माणसं कुलूपच लावत नाहीत. रस्त्यावर लावलेल्या कारची काच फोडून बॅग नेणं हाही त्याच पट्ट्यातला प्रकार.

अकरा ते पाच

सांगलीहून येणाऱ्या सासू-सासऱ्यांचा दिवस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच असा असेल, आणि हीच वेळ या निवडीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

कोथरूडमध्ये ज्येष्ठांना दोन गोष्टींपासून जपावं लागतं. पहिली, सोनसाखळी. पहाटे फिरायला जाणाऱ्या, भाजी घेऊन परतणाऱ्या बायका, मागून दुचाकी, मागे बसलेल्याने गळ्याला हात घातला की संपलं. भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून हिसकावून नेण्याच्या चोरीला कलम ३०४ असं स्वतंत्र कलम आहे. आधी ती साधी चोरी किंवा जबरी चोरी म्हणून नोंदली जायची, त्यामुळे जुन्या-नव्या वर्षांची तुलना करताना जपून. दुसरी गोष्ट तोतया पोलिसांची. "आजी, पुढे खून झालाय, चेकिंग चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा." आजी बांधतात, तो गाठ मारून देतो, घरी येऊन सोडलं तर आत खडे. सोनं घातलेली, पोलिसाचा शब्द मानणारी पिढी जिथे जास्त राहते तिथे हे लोक फिरतात.

मग तरी कोथरूड का? कारण तिथे हाक मारली तर ऐकायला माणूस आहे. तळमजल्यावर दवाखाना, समोर वाण्याचं दुकान, कोपऱ्यावर रिक्षास्टँड, बागेत ज्येष्ठांचा कट्टा. दोन दिवस आजोबा दिसले नाहीत तर कुणीतरी बेल वाजवतं. वाकडच्या संकुलात आतल्या आत बाग आहे, बाकं आहेत, पडण्या-घसरण्याची भीती कमी. पण दुपारी दोनला त्या मजल्यावरची चारही दारं बंद असतात. शेजारी कोण हे सहा महिने कळत नाही, आणि कळेपर्यंत भाडेकरू बदललेला असतो. औषध आणायला गेटबाहेर पडलं की सर्व्हिस रोड आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या. सातवीतल्या मुलीला क्लासला एकटीला पाठवताना मला गेटच्या आतल्यापेक्षा गेट ते मुख्य रस्ता या पट्ट्याची काळजी वाटते. एका बाजूला बांधकामाचे पत्रे, दुसरीकडे रिकामा प्लॉट, मधले दिवे बंद. तिथे दुकानं असतील, उजेड असेल, तर माझा अर्धा आक्षेप संपतो.

आता कोथरूडबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती विकणारे सांगत नाहीत. सध्या तिथे गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे. एकेका गल्लीत दोन-तीन इमारती रिकाम्या झाल्या की तिथली जुनी कुटुंबं काही वर्षांसाठी भाड्याच्या घरात पांगतात. ज्यांच्या गॅलऱ्यांतून रस्त्यावर लक्ष असायचं त्या गॅलऱ्याच राहत नाहीत. मागे उरतात पत्रे, राडारोडा, डंपर आणि अर्धा काळोखा रस्ता. आपण घेणार ते घर याच गल्लीत असेल, तर "कोथरूड" या नावाचा भाव आपण देतोय आणि मिळतंय दुसरंच. शेजारच्या किती सोसायट्यांचे करार झालेत, हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

टोळ्या आणि कोयते

कोथरूडची शांत प्रतिमा आणि बातम्या यांचा मेळ बसत नाही, असं हल्ली पुष्कळांना वाटतं. ते चुकीचं नाही. ५ जानेवारी २०२४ ला गुंड शरद मोहोळचा कोथरूडच्या डोंगरउतारावरच्या सुतारदरा वस्तीत भरदुपारी गोळ्या झाडून खून झाला, तोही त्याच्याच बरोबर वावरणाऱ्यांकडून. सप्टेंबर २०२५ मध्ये रस्त्यात साइड न दिल्याच्या रागातून टोळीतल्या पोरांनी एका नागरिकावर गोळी झाडली आणि त्याच रात्री जवळच दुसऱ्यावर कोयत्याने वार केले. पहिल्या घटनेत टोळीतला हिशेब होता. दुसरी मला जास्त गंभीर वाटते, कारण तिथे ज्याचा काही संबंध नाही असा माणूस सापडला.

पण यावरून डोंगरउताराच्या वस्त्यांवर शिक्का मारू नये. तिथे राहणारी कुटुंबंच या पोरांचा त्रास सगळ्यात जास्त सोसतात. रात्री फोडलेल्या रिक्षा आणि दुचाक्या त्यांच्याच असतात, हप्त्यावर घेतलेल्या. पिंपरी-चिंचवडमध्येही गाड्यांची तोडफोड होते, दहशतीसाठी कोयते तिकडेही फिरवले जातात. दोन्ही आयुक्तालयं टोळ्यांवर मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा, लावतात. या बाबतीत मी दोघांत फरक करत नाही.

फरक पडतो तो गस्तीने. १८ जुलै २०२३ च्या पहाटे कोथरूडमध्ये गस्तीवरच्या पोलिसांनी दुचाकी चोरायच्या बेतात असलेल्या तिघांना हटकलं. एक पळाला, दोघं हाती लागले, आणि ते राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवे असलेले निघाले. साधी दुचाकी चोरी म्हणून सोडून दिलं असतं तर? बीट मार्शल, म्हणजे दुचाकीवरून गस्त घालणारा पोलीस, रात्री खरंच फिरतो का, हे रिक्षावाले आणि रात्री उशिरापर्यंत उघडा असलेला मेडिकलवाला बरोबर सांगतात.

तुमची तुम्ही तपासणी करा

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानुसार लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर बघता येतात. आयुक्तालय निवडायचं, ठाणं निवडायचं, तारखा घालायच्या. कोथरूड आणि वाकड, दोन्हींसाठी तेच तीन महिने घ्या. दिवाळी किंवा मेची सुट्टी त्यात असू द्या, कारण घरं तेव्हा बंद असतात.

वाचताना भाषेला घाबरू नका. "कोणीतरी अज्ञात चोरट्याने बंद घराचा कडी-कोयंडा कशाच्या तरी साहाय्याने उचकटून, लबाडीच्या इराद्याने" हे सगळीकडे तेच असतं. कामाचं असतं ते ठिकाण, वेळ आणि प्रकार. सायबर, घरगुती वाद, पोलिसांनी स्वतः घातलेले छापे बाजूला काढा. उरलेल्यांपैकी आपल्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत काय घडलं ते नकाशावर मांडा. मग दिसतं की अख्ख्या ठाण्याच्या दुचाकी चोऱ्या दोन-तीन ठिकाणीच साचल्या आहेत आणि आपली गल्ली त्यात आहे किंवा नाही. हाती वेळ असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांत महिन्यावार, प्रकारवार आकडे मागता येतात. उत्तराची मुदत तीस दिवस.

वाकडच्या सोसायटीत तीन कागद मागा: सुरक्षा एजन्सीचा परवाना (२००५ च्या कायद्याने तो लागतोच), रखवालदारांची पोलीस पडताळणी आणि आगीसंदर्भातला बी फॉर्म, म्हणजे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला. हा फॉर्म दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावा लागतो. अकराव्या मजल्यावर राहायचं तर हा कागद मी कॅमेऱ्यांच्या आधी मागेन. कोथरूडच्या सोसायटीत एवढंच विचारा की जिन्याला जाळीचं दार लावायला सभासद तयार आहेत का. कमिटीने तोंड वाकडं केलं तर त्यांच्याशी पुढची वीस वर्षं कशी जातील याचाही अंदाज येतो.

रस्ता

२०२२ मध्ये देशात खून झाले २८,५२२. त्याच वर्षी रस्ते अपघातात माणसं गेली १,६८,४९१. जवळपास सहा पट. घर निवडताना आपण पहिल्या आकड्याची धास्ती घेतो आणि दुसरा विसरतो.

कोथरूडहून हिंजवडीला जायचं म्हणजे चांदणी चौकातून महामार्गावर, बावधन, सूस, बाणेर, बालेवाडी ओलांडत. ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकाचे नवे पूल झाल्यापासून तिथली कोंडी कमी झाली, पण वेग वाढला. ट्रेलर, टँकर आणि त्यांच्यामधून वाट काढणारी दुचाकी. वाकडहून अंतर थोडं, तरी तिथेही सिमेंटचे मिक्सर आहेत. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडीत असा एक मिक्सर वळणावर उलटून दुचाकीवरच्या दोन तरुणी जागीच गेल्या.

कोथरूडची मुलं-माणसं शहरात जाणार असतील तर वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी ही मेट्रो स्थानकं हाताशी आहेत, आणि रात्री परत येणाऱ्या मुलीसाठी ती मोठीच सोय. हिंजवडीकडे जाणाऱ्यांना मात्र या स्थानकांचा थेट उपयोग नाही.

म्हणून सुरुवातीच्या कुटुंबाला माझा सल्ला असा. कंपनीची बस मिळत असेल किंवा दोघं एका कारने जाणार असतील, तर कोथरूडचं घर घ्या. पहिला किंवा दुसरा मजला, जाळीचं दार, आणि गल्लीत पुनर्विकासाचा पत्रा नको. सासूबाईंना सोन्याऐवजी साधी पोत घालून बाहेर पडायला पहिल्याच आठवड्यात तयार करा. दोघांची रोजची ये-जा दोन दुचाक्यांवर, त्यातही एकाची रात्रपाळी असेल, तर वाकड घ्या, आणि सासू-सासऱ्यांसाठी गेटपासून वाणसामान, दवाखाना आणि देऊळ पायी गाठता येईल असंच संकुल शोधा. असं संकुल सापडायला दोन-चार महिने जादा लागले तरी तेवढा वेळ भाड्याने राहून काढा.